चेहरा त्यांचा, फोटो आपला

फोटो शार्प आहे, उजेड छान पडलाय, नॉइज नाही, कीवर्ड नीट टाकलेत, आणि तरी स्टॉक साइटवरून, म्हणजे आपण फोटो विकायला ठेवतो त्या साइटवरून, तो परत येतो. कारण एका ओळीचं, फोटोतली व्यक्ती ओळखू येतेय, मॉडेल रिलीज, म्हणजे त्या व्यक्तीची लेखी परवानगी, जोडा. स्टॉकवर नवीन आलेल्या प्रत्येकाची यावर रिअॅक्शन ठरलेली असते, अहो पण फोटो मी काढलाय ना, कॅमेरा माझा, लेन्सचे हप्ते मी भरतोय, पहाटे उठून मी गेलो, मग परवानगी कोणाची आणि कशाला?

खरं तर इथे दोन हक्क एकमेकांत गुंतलेले असतात आणि आपल्याला त्यातला आपलाच तेवढा दिसतो. फोटोचा कॉपीराइट फोटोग्राफरचा, त्याबद्दल वाद नाही. पण फोटोत जो माणूस आहे त्याचा चेहरा काही त्या कॉपीराइटमध्ये येत नाही, तो ज्याचा त्याच्याकडेच राहतो, आणि त्या चेहऱ्याच्या जोरावर कोणी साबण, विमा नाहीतर फोनचा प्लॅन खपवणार असेल तर त्याला आधी विचारायला हवं, एवढीच त्या कागदामागची गोष्ट. यावर लोक म्हणतात, पण सार्वजनिक जागी फोटो काढायला तर परवानगी लागत नाही ना? बऱ्याच देशांत नाही लागत, बरोबर आहे, पण ते झालं क्लिक करण्याबद्दल. काढला, स्वतःकडे ठेवला, घरात भिंतीवर लावला, तिथवर सहसा कोणी काही म्हणत नाही. भानगड सुरू होते ती वापरापासून, आणि स्टॉक साइटवर तर सगळा वापराचाच व्यवहार, तिथे तुमचा फोटो उद्या कोण घेणार आणि कशावर चिकटवणार हे ना तुम्हाला माहीत ना साइटला.

मग सगळ्यांना एडिटोरियलचा टॅग आठवतो. म्हणजे रिलीज नसेल तर फोटो 'फक्त एडिटोरियल' म्हणून टाकायचा, बातमी, लेख, पाठ्यपुस्तक यांत वापरता येईल पण जाहिरातीत नाही. सोय चांगली आहे, मोर्चा, मॅच, पूर असल्या फोटोंसाठी तीच बरोबर आहे, तिथे कोण कोणाच्या सह्या घेत फिरणार. पण काही लोक तिला ब्रह्मास्त्र समजतात, तसं ते नाही. बाकावर डोकं धरून बसलेल्या एखाद्या माणसाचा फोटो एडिटोरियल म्हणून गेला आणि व्यसनाधीनतेवरच्या लेखाच्या डोक्यावर छापून आला, तर लेख खरा, फोटो खरा, आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर तयार झालेली गोष्ट मात्र साफ खोटी. त्या माणसाचं डोकं नुसतं दुखत होतं, असंही असू शकतं की. अशा वेळी बदनामीचा दावा वेगळा उभा राहू शकतो, तिथे एडिटोरियलचा टॅग ढाल म्हणून पुढे करता येईलच असं नाही.

आणि ओळखू येणं म्हणजे तरी काय? मला आधी वाटायचं चेहरा समोरून दिसला तर ओळख. साइटवाल्यांची कसोटी जास्त कडक असते, तो माणूस स्वतः किंवा त्याच्या घरचे फोटो पाहून म्हणतील का, की हा तर आपलाच. माझा एक समुद्राचा फोटो आहे, संध्याकाळचा, नव्वद टक्के फ्रेम नुसतं पाणी आणि आकाश. शंभर टक्के झूम करून कडा तपासताना डाव्या कोपऱ्यात एक बाई सापडली, गुडघ्यावर बसून पोराच्या बुटाची नाडी बांधतेय, चेहरा तीन चतुर्थांश वळलेला, ठिपक्यांचा सदरा, एका पायातली चप्पल काढून बाजूला ठेवलेली. पूर्ण फोटोत ती तांदळाच्या दाण्याएवढी पण नाही, पण तिच्या नवऱ्याला विचारा, एका सेकंदात सांगेल. क्रॉप केली. पाठमोरी माणसं, सावल्या, नुसते हात यांचंही तेच, वेगळा टॅटू असेल, ठळक जन्मखूण असेल, तर चेहरा नसूनही माणूस सापडतो. टॅटूचं तर दुप्पट त्रांगडं, कारण तो काढणाऱ्या कलाकाराचाही त्यावर हक्क निघू शकतो, त्यामुळे साइटवाले कधीकधी त्याचाही वेगळा कागद मागतात.

हे सगळं इंटरनेटचं खूळ आहे असं वाटत असेल तर थोडं मागे जाऊ. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात अॅबिगेल रॉबरसन नावाची एक तरुण मुलगी होती, वयाने अठराच्या आसपास. तिचा एक साधा, छान पोर्ट्रेट फोटो कुठूनतरी एका पिठाच्या कंपनीच्या हाती लागला आणि त्यांनी त्याची पोस्टरं छापली, थोडीथोडकी नाही, सुमारे 25,000. दुकानांत, गोदामांत, दारूच्या गुत्त्यांत सगळीकडे ही मुलगी पिठाच्या जाहिरातीवर, आणि हिला पत्ताच नाही. कळलं तेव्हा ती अंथरुणाला खिळली. कोर्टात गेली, खालच्या कोर्टांनी बाजूने निकाल दिला, आणि 1902 मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की बाई, असा काही हक्क कायद्यात नाहीच. लोक इतके खवळले की पुढच्याच वर्षी, 1903 ला, राज्याने कायदा केला, जिवंत माणसाचं नाव किंवा चित्र जाहिरातीसाठी किंवा धंद्यासाठी वापरायचं तर त्याची लेखी परवानगी हवी, आणि तो अल्पवयीन असेल तर आईवडिलांची किंवा पालकाची. आज आपण फोनवर ज्या फॉर्मवर बोटाने सही घेतो त्याचं सगळं सार या दोन ओळींत आहे.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढची आहे. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती आल्टन पार्कर, हे 1904 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. फोटोग्राफर मागे लागले तसे वैतागले आणि म्हणाले की न कळवता माझे असे फोटो काढायचे नाहीत. त्यावर रॉबरसन बाईंनी त्यांना जाहीर पत्र लिहिलं, की साहेब, हा हक्क नाही असं तुम्हीच तर मला सांगितलं होतं! काय ठेवून दिलीय.

युरोपात त्याच सुमाराला जर्मनांनी वेगळ्या कारणाने हेच केलं. 1898 मध्ये जर्मनीचा माजी चॅन्सेलर बिस्मार्क वारला तेव्हा दोन फोटोग्राफर रात्री खोलीत घुसले आणि मृतदेहाचा फोटो काढून विकायला निघाले. कुटुंबाने कोर्टातून तो थांबवला, पण नेमक्या कुठल्या कायद्याखाली थांबवायचा याची पंचाईत झाली, आणि 1907 मध्ये स्वतःच्या चित्रावरच्या हक्काचा कायदा आला, जो आजही वापरात आहे. त्यात माणूस गेल्यावरही दहा वर्षं त्याच्या जवळच्यांची परवानगी लागते असं म्हटलंय. भारतातही सुप्रीम कोर्टाने 1994 च्या राजगोपाल खटल्यात सांगून ठेवलंय की एखाद्याचं नाव किंवा चेहरा त्याला न विचारता जाहिरातीसाठी वापरणं हा त्याच्या खाजगीपणावर घाला आहे.

आता ऑनलाइनच्या काळातली गोष्ट, जी फोटो शेअर करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. 2007 साली ऑस्ट्रेलियात व्हर्जिन मोबाइल या फोन कंपनीने बसस्टॉपवर जाहिराती लावल्या आणि त्यातले फोटो घेतले फ्लिकर या फोटो शेअर करायच्या साइटवरून, क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली लोकांनी मोकळे सोडलेले. त्यातला एक फोटो टेक्सासमधल्या एका शाळकरी मुलीचा होता, ओळखीतल्या माणसाने कार्यक्रमात काढलेला, दोन बोटं दाखवून हसतेय. त्यावर कंपनीने लिहिलं की पेन फ्रेंडला टाकून द्या. जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी तो पाहिला, फोटो काढून नेटवर टाकला आणि तिला कळलं. घरच्यांनी केस केली, ती अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर निकालात निघाली, म्हणजे टेक्सासच्या कोर्टात ऑस्ट्रेलियन कंपनीला खेचता येणार नाही असं ठरलं. पण मधल्या मधे एक गोष्ट सगळ्यांना लख्ख कळली. फोटोग्राफरने 'घ्या, वापरा' म्हटलं ते त्याच्या हक्कापुरतं, मुलीच्या वतीने हो म्हणायचा अधिकार त्याला कोणी दिलाच नव्हता. फुकट फोटोंच्या साइटवरून चेहरे उचलून दुकानाच्या बॅनरवर टाकणारे आजही हे विसरतात.

दुसरी केस तर अंगावर काटा आणणारी आहे. न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीने कुठल्याशा लेखासाठी फोटो काढून दिले, संगीताबद्दलचा लेख, एकदम निरुपद्रवी. फोटोग्राफरने नंतर तेच फोटो गेटी इमेजेस या स्टॉक एजन्सीला दिले, तिची रिलीजवर सही नसताना. 2013 मध्ये राज्य सरकारच्या मानवी हक्क विभागाला एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांच्या हक्कांची जाहिरात करायची होती, हेतू चांगलाच होता, त्यांनी लायसन्स घेऊन तो फोटो वापरला. शेजारी मजकूर असा की वाचणाऱ्याला वाटावं ही मुलगी सांगतेय, मी पॉझिटिव्ह आहे. ती नव्हती. तिच्या ओळखीच्यांनी पेपरात ते पाहिलं. गंमत बघा, गंमत कसली, या साखळीत फोटोग्राफरनंतरचा प्रत्येक जण आपापल्या परीने नियम पाळत होता, विभागाने पैसे भरून लायसन्स घेतलं होतं, एजन्सीने कागद आहे असं धरून चाललं होतं. सुरुवातीची एक सही नव्हती आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं होतं.

म्हणून साइट अपलोडच्या वेळी आपल्याकडून लिहून घेते की सगळ्या परवानग्या माझ्याकडे आहेत, आणि खोटं निघालं तर जबाबदारी माझी. आपण ते न वाचता टिक करतो, कारण तिथे पोचेपर्यंत कीवर्ड टाकून जीव गेलेला असतो.

आता जे मला खरं म्हणायचंय ते. इतकी वर्षं रिलीजबद्दल जे काही बोललं, लिहिलं जातं त्यात एक गृहीत असतं की हा कागद फोटोतल्या माणसाच्या रक्षणासाठी आहे. फॉर्म एकदा सलग वाचून बघा. कायमस्वरूपी, जगभर, कुठल्याही माध्यमात, बदल करून किंवा न करता, परत न घेता येणारी परवानगी, तयार झालेली जाहिरात आधी बघायचा हक्क सोडला, पुढे दावा करायचा हक्क सोडला. हे सगळं घेणाऱ्याच्या सोयीचं आहे. म्हणजे घेणाऱ्याला निर्धास्त फोटो विकत घेता यावा, उद्या कोणी नोटीस पाठवू नये. त्यात गैर नाही, नाहीतर बाजारच चालणार नाही. पण मग फोटोतल्या माणसाची बाजू कोण बघतो? एजन्सीने त्याला पाहिलेलं नसतं, जाहिरातवाल्याने पाहिलेलं नसतं. या अख्ख्या व्यवहारात त्या माणसासमोर उभा राहून, त्याच्या डोळ्यांत बघून बोलणारा एकच जण असतो, आणि तो म्हणजे आपण. त्यामुळे त्याला काही सांगायचं असेल तर ते तिथेच, सही व्हायच्या आधी, नंतर कोणीही सांगायला येणार नाही.

माझी पद्धत अशी की मी चांगलं नाही, वाईट आधी सांगतो. एक घड्याळं दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांचा फोटो मला फार दिवस काढायचा होता. डाव्या डोळ्याला ते काळं भिंग अडकवलेलं, उजवा डोळा मिटलेला, चिमट्यात धरलेलं चाक इतकं बारीक की ते फोटोत दिसायला मला फोकस स्टॅक, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक, करावं लागलं, आणि भिंगाच्या कडेने गालावर पडलेला दाब, तो लालसर गोल. फोटो दाखवला, खूश झाले. मग मी फोनवरचा फॉर्म काढला आणि म्हटलं, काका, हा मी विकायला ठेवणार, कुठे लागेल ते माझ्या हातात नाही. ते म्हणाले, लागू दे की, घड्याळाच्याच जाहिरातीत लागणार. मी म्हटलं, तसंच नाही, डोळ्यांच्या दवाखान्याच्या जाहिरातीत लागू शकतो, म्हातारपणी पेन्शन नसलेल्यांवरच्या लेखावर लागू शकतो, कर्जबाजारी झालेल्या छोट्या धंदेवाल्यांबद्दल पण लागू शकतो.

"कर्ज? माझ्यावर एक पैसा नाही कोणाचा."

"तेच म्हणतोय काका. वाचणाऱ्याला कसं कळणार?"

मग त्यांनी भिंग काढलं, चष्मा लावला आणि फॉर्म वाचायला घेतला. पाऊण तास. मधे गिऱ्हाईक आलं, त्याचा पट्टा बदलून दिला, परत वाचायला लागले. जन्मतारीख कशाला हवी? सज्ञान आहात हे कळायला. साक्षीदार कशाला, आणि तूच का नाही चालत? कारण मी व्यवहारातला आहे, तिसरा माणूस पाहिजे. हे 'कायमस्वरूपी' म्हणजे मी गेल्यावर पण? हो. यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग विचारलं, पण पैसे मिळतात त्यातले मला किती? बरोबर प्रश्न आहे, आणि लोक तो विचारायला लाजतात म्हणून आपणच काढायला हवा. मायक्रोस्टॉकवर, म्हणजे स्वस्तात फोटो विकणाऱ्या साइटवर, एका डाउनलोडमागे फोटोग्राफरलाच कित्येकदा काही सेंट मिळतात, त्यात वाटे करण्यासारखं काही नसतं, म्हणून मी सुरुवातीलाच एक रक्कम देतो किंवा मोठी प्रिंट करून देतो आणि ते त्याच कागदावर लिहितो. बऱ्याच ठिकाणी करार पक्का धरायला मोबदला काहीतरी दिलेला असावा लागतो, आणि नसला लागत तरी द्यावा, शोभत नाही नाहीतर. काकांनी प्रिंट मागितली. सही करायला घेतली, पण आधी एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ही कर्जाबिर्जाची भानगड नको असं इथे लिहून घे. मी म्हटलं, फॉर्ममध्ये एक शब्द बदलला तरी साइट घेत नाही. मग जरा विचार करून केली. मला ते पटकन केलेल्या दहा सह्यांपेक्षा बरं वाटलं.

लहान मुलांचे फोटो मी विकत नाही, माझं माझ्यापुरतं ठरलेलं आहे. कायद्याने पालकांची सही चालते, साइटना तेवढी पुरते. पण मूल मोठं झाल्यावर म्हणालं की मला हे नको होतं, तर? न्यूयॉर्कमध्येच 1983 साली हा प्रश्न कोर्टापुढे आला, अभिनेत्री ब्रुक शील्ड्सने लहानपणी आईच्या संमतीने काढलेले काही फोटो पुढे वापरले जाऊ नयेत म्हणून दावा लावला, आणि कोर्टाने सांगितलं की आईने सही केली होती ना, मग ती मुलीला बांधील. पालकाची सही इतकी दणकट असते. ती दुसऱ्याच्या वतीने केलेली असते हे त्या कागदावर कुठे दिसत नाही.

सही असूनही माणूस कसा फसल्यासारखा होतो याचं उदाहरण म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या लेखिका शुबनम खान. विद्यार्थीदशेत मैत्रिणींबरोबर कुठल्याशा शंभर चेहऱ्यांच्या प्रोजेक्टसाठी फुकट फोटोशूटला गेल्या, एका कागदावर सही केली, चांगला फोटो मिळेल एवढ्यावर खूश. काही वर्षांनी कॅनडातल्या मैत्रिणीने विचारलं, अगं तू इथल्या पेपरात इमिग्रेशनच्या जाहिरातीत कशी? मग शोधलं तर हा चेहरा जगभर, कुठे गालिचे विकतोय, कुठे ट्रेकिंगची गाइड, कुठे जोडीदार शोधतोय, वर प्रत्येक ठिकाणी वेगळं नाव आणि न बोललेली वाक्यं. 2018 मध्ये त्यांनी हे सगळं जाहीरपणे सांगितलं तेव्हा कित्येकांनी पहिल्यांदा विचार केला असेल की आपण कुठे कुठे सह्या केल्यात. कायद्याच्या नजरेने तिथे काहीच चुकलं नव्हतं, हीच त्यातली मेख. हंगेरीचे अँड्रास आराटो, ज्यांना स्टॉक फोटोंवरून झालेल्या मीममुळे सगळं जग वेदना लपवणारा हॅरल्ड म्हणून ओळखतं, त्यांनी तर हे शेवटी हसण्यावारी नेलं आणि त्याच चेहऱ्यावर नवं आयुष्य उभं केलं, पण प्रत्येकाला ते जमेल असं नाही आणि जमावं अशी अपेक्षा तरी का करायची.

लायसन्सच्या नियमांत थोडी राखण असते, नाही असं नाही. शटरस्टॉकसारख्या साइट घेणाऱ्याला बजावतात की फोटोतल्या माणसाला आजारी, एखाद्या राजकीय पक्षाचा समर्थक किंवा डेटिंगच्या जाहिरातीतला दाखवायचं नाही. पण तो नियम घेणाऱ्याने वाचला पाहिजे, आणि मोडला तर कोणाच्यातरी लक्षात आला पाहिजे, आणि ते लक्षात येणं बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याच्या मावसभावावर अवलंबून असतं.

पैशाची बाजूही एकदा बघा. अमेरिकेतल्या एका माणसाने 1986 मध्ये नेस्लेसाठी मॉडेलिंग केलं, 250 डॉलर मिळाले, विसरून गेला. 2002 मध्ये दुकानात कॉफीच्या बरणीवर स्वतःचाच चेहरा. लेबलवर वापरायचं तर वेगळे पैसे असं करारात होतं आणि ते कोणी दिले नव्हते. ज्यूरीने दीड कोटी डॉलरच्या वर भरपाई दिली, वरच्या कोर्टांत ती टिकली नाही, पण मुद्दा असा की कागद कपाटात होता, फक्त वापरणाऱ्याने काढून वाचला नाही. माझे सगळे रिलीज मी फोटोच्याच फाइल नंबरने ठेवतो, सोबत त्या माणसाचा त्या दिवशीचा एक साधा फोटो, म्हणजे नाव एकाचं आणि चेहरा दुसऱ्याचा असा घोळ नको.

कलेचं म्हणाल तर तिथे वेगळाच न्याय आहे, आणि तोही देशागणिक बदलतो. फिलिप-लोर्का डिकोर्सिया या फोटोग्राफरने टाइम्स स्क्वेअरमध्ये वर फ्लॅश लपवून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नकळत चेहरे टिपले, प्रिंट हजारो डॉलरला विकल्या, फोटोतल्या एका गृहस्थाने धार्मिक कारणाने हरकत घेतली, 2006 मध्ये कोर्ट म्हणालं ही कला आहे, परवानगी नको. तिकडे कॅनडात क्यूबेकमध्ये पायऱ्यांवर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचा फोटो एका कलाविषयक मासिकात न विचारता छापला, तर 1998 मध्ये सुप्रीम कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि 2,000 डॉलर भरपाई कायम केली. त्यामुळे 'कलेसाठी चालतं' असं जो छातीठोकपणे सांगतो त्याला आधी विचारा, कुठे?

कोणी नंतर फोन करून म्हणालं की माझा फोटो काढून टाक, तर मी काढतो, कागद माझ्या बाजूने असला तरी. पण काढणं म्हणजे काय हेही सांगतो, साइटवरून उतरतो, आधी ज्यांनी लायसन्स घेतलंय त्यांच्याकडून परत येत नाही. हे वाक्य सहीच्या आधी ऐकलेलं बरं, नंतर ऐकलं की माणूस हताश होतो.

आणि आता एआय. 2019 मध्ये बाहेर आलं की आयबीएमने चेहरे ओळखणाऱ्या सिस्टिमच्या अभ्यासासाठी फ्लिकरवरचे जवळपास दहा लाख फोटो वापरले होते, लायसन्स मोकळं होतं म्हणून, फोटोतल्यांना कोणी विचारलं नव्हतं. स्टॉक साइटही आता त्यांचे साठे मॉडेल शिकवायला देतात, शटरस्टॉकने 2022 मध्ये त्यासाठी फोटोग्राफरना वाटा द्यायचा निधी सुरू केला. फोटोग्राफरना. ज्यांचे चेहरे आहेत त्यांचा उल्लेख कुठे? दहा वर्षांपूर्वी 'कुठल्याही माध्यमात' यावर ज्याने सही केली त्याच्या डोक्यात फार तर होर्डिंग असेल, आपल्या नाकाडोळ्यांवरून मशीन काही शिकेल हे ना त्याच्या डोक्यात होतं ना सही घेणाऱ्याच्या. गेटी इमेजेसने 2022 मध्ये बायोमेट्रिक डेटाचा, म्हणजे चेहऱ्यावरून माणूस ओळखता येईल अशा माहितीचा, विचार करून नवा रिलीज फॉर्म आणला, म्हणजे फॉर्म दगडावर कोरलेला नाही, गरज पडली की बदलतो. फक्त आजवर तो घेणाऱ्याला गरज पडली तेव्हा बदलला.

मग काकांनी जे मागितलं होतं ते का नाही होऊ शकत? चार चौकोन द्या ना फॉर्मवर, आजारपणाच्या जाहिरातीत नको, कर्जाच्या नको, राजकारणात नको, एआय शिकवायला नको, ज्याला जे नको त्याने तिथे फुली मारावी, आणि शोधणाऱ्याला फिल्टर लावला की तेवढेच फोटो दिसावेत. साइटवर रंगाने, दिशेने, माणसांच्या संख्येने फिल्टर लागतात, हा एक जड जाईल असं वाटत नाही. तोवर मी माझ्या रिलीजच्या फोल्डरमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे एक कॉलम ठेवलाय, त्यांनी तोंडी काय नको म्हटलंय त्याचा. काकांच्या पुढे 'कर्ज' लिहिलंय, म्हणून त्या फोटोला पैसे, मंदी, तोटा यातला एकही कीवर्ड टाकलेला नाही, विक्री कमी झाली तर झाली.